हंगामाला निघण्याआधी : लघवीची जळजळ, संसर्ग आणि शरीर त्याला कसं अडवतं

बालाघाट (धागाकर्ती)

दसरा झाला की केज, धारूर, वडवणी भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात. त्याआधी आशा सेविकांच्या बैठकीत लघवीच्या संसर्गावर तासभर बोलायचं ठरलंय. पत्रक हाताशी आहे, पण त्यात 'भरपूर पाणी प्या, स्वच्छता राखा' यापलीकडे काही नाही आणि तेवढं बायकांना आधीच पाठ आहे.

आशांच्या कानावर येतं ते असं: "लघवीला आग होऊलालीय, घडीघडीला जावं वाटतंय, गेलं की थेंबच." मग दुकानातून नॉरफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची पट्टी. दोन-तीन गोळ्यांत आग थांबली की उरलेल्या गोळ्या ट्रंकेत, पुढच्या खेपेला त्याच. उसाच्या फडात थंडी वाजून ताप भरला तरच दवाखाना, कारण एक दिवस गेला की खाडा पडतो.

शरीर स्वतः काय करतं, कुठवर थांबता येतं, कुठे अजिबात थांबायचं नाही, नमुना कसा द्यायचा आणि कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहून काय जमतं, एवढं जाणकारांनी सविस्तर लिहावं. 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' हे आम्ही सांगतोच. त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं हवंय.

पेट्रीडिश

जंतू येतो कुठून, तिथून सुरुवात करा. निम्मे गैरसमज तिथेच आहेत.

साध्या संसर्गात चारांतल्या तीन वेळा जंतू असतो ई. कोलाय, आणि तो त्या बाईच्याच आतड्यातला. गुदद्वाराजवळून योनीमुखापाशी, तिथून मूत्रनलिकेत आणि वर मूत्राशयात. स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाची २० सेंटिमीटरच्या आसपास. बायकांना हा त्रास जास्त का, याचं मोठं उत्तर या फरकात आहे. 'ती अस्वच्छ राहते' हे उत्तर नाही, आणि बैठकीत हे स्पष्ट सांगा. बोअरचं पाणी प्यायल्यानं किंवा दुसरीच्या मागून त्याच संडासात गेल्यानं हा आजार लागत नाही. घाण संडास नको म्हणून सहा तास लघवी धरून ठेवणं त्या संडासापेक्षा घातक.

आतड्यातल्या प्रत्येक ई. कोलायला हे जमत नाही. ज्यांना जमतं त्यांच्या अंगावर प्रथिनांचे सूक्ष्म तंतू असतात. तंतूच्या टोकाला फिम-एच नावाचं प्रथिन असतं आणि ते मूत्राशयाच्या आतल्या पेशींवरच्या मॅनोज या साखरेला घट्ट धरतं. धरता आलं नाही तर जंतू पुढच्या धारेबरोबर बाहेर. म्हणून शरीराचे बरेचसे उपाय एकाच गोष्टीसाठी आहेत: त्याला चिकटू द्यायचं नाही, आणि चिकटला तर तो ज्यावर बसलाय तेच सोडून द्यायचं.

पहिला उपाय योनीत. तिथले लॅक्टोबॅसिलाय हे उपयोगी जंतू लॅक्टिक आम्ल बनवतात आणि पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) ३.८ ते ४.५च्या दरम्यान ठेवतात. त्या आंबटपणात ई. कोलायला वस्ती करता येत नाही. म्हणूनच आतून साबण किंवा जंतुनाशक द्रवाने धुणं उलटं पडतं, आधी हे राखणदारच मरतात.

दुसरा उपाय म्हणजे धार. मूत्राशय पूर्ण रिकामं होणं आणि वारंवार होणं. ई. कोलाय पोषक द्रवात २० मिनिटांत दुप्पट होतो, लघवीत त्याहून सावकाश. पण वेळ मिळाला की वाढतोच. मूत्रपिंडाकडून येणाऱ्या मूत्रवाहिन्या मूत्राशयाच्या भिंतीत तिरक्या शिरतात, त्यामुळे पिशवी भरताना त्यांची तोंडं दाबली जातात आणि लघवी मूत्रपिंडाकडे उलटी जात नाही.

तिसरा उपाय मला सगळ्यांत आवडतो. मूत्रपिंड एक प्रथिन सतत लघवीत सोडतं, युरोमोड्युलिन. निरोगी लघवीत सर्वांत जास्त असणारं प्रथिन हेच. १९५०मध्ये टॅम आणि हॉर्सफॉल यांनी ते वेगळं केलं, म्हणून जुन्या पुस्तकांत त्यांच्या नावाने सापडेल. त्याचे लांब धागे होतात आणि धाग्यांवर मॅनोजची भरपूर टोकं असतात. जंतूचं फिम-एच पेशीऐवजी या धाग्यालाच चिकटतं, जंतूंचे पुंजके होतात आणि लघवीबरोबर वाहून जातात. हे धागे जंतूभोवती कसे गुंडाळतात हे २०२०मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसलं. पण धागा कितीही असला तरी धार नसेल तर पुंजके आतच राहतात.

एवढं ओलांडून जंतू पेशीला चिकटलाच तर ती पेशी आपल्यावरच्या टीएलआर-४ या प्रथिनाने त्याला ओळखते आणि इंटरल्यूकिन-६ व ८ ही निरोप देणारी प्रथिनं सोडते. काही तासांत रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मूत्राशयात उतरतात. रिपोर्टात 'पस सेल्स' लिहिलेलं असतं ते याच. पेशी लिपोकॅलिन-२ नावाचं प्रथिनही सोडतात. जंतूला वाढायला लोह लागतं, ते गोळा करायला तो एक रेणू बाहेर पाठवतो आणि लिपोकॅलिन तो रेणूच पकडून ठेवतं.

शेवटी मूत्राशयाचा सगळ्यांत वरचा पेशींचा थर चिकटलेल्या जंतूंसकट गळून पडतो. उपाय जबरदस्त, पण महाग. खालचे कोवळे थर उघडे पडतात आणि काही जंतू पेशींच्या आत शिरून तिथे वसाहत करतात. हे आधी उंदरांत दिसलं, नंतर स्त्रियांच्या लघवीतल्या पेशींतही. आत बसलेल्यांपर्यंत औषध नीट पोचत नाही. त्यामुळे पंधरा दिवसांनी पुन्हा त्रास झाला तर तो कधी कधी आधीच्याच जंतूचा असतो.

आग होते, घाई होते ती बरीचशी या सुजेमुळे.

हुरडा

म्हणजे आग थांबली याचा अर्थ सूज ओसरली, जंतू गेले असं नव्हे. पट्टी अर्ध्यात सोडण्याचं कोडं सुटलं.
मला प्रश्न असा की शरीर एवढं करतं तर गोळी लागतेच का? आणि एकदा होऊन गेल्यावर गोवरासारखी कायमची प्रतिकारशक्ती का येत नाही?

गोदाकाठ

दुसऱ्याचं उत्तर आधी. उंदरांवरच्या कामात दिसतं की संसर्गानंतर मूत्राशय लवकरच दुरुस्तीच्या मागे लागतं. गळालेला थर पुन्हा उभा करणं जास्त निकडीचं, नाहीतर लघवीतले क्षार खाली झिरपतील. या घाईत प्रतिपिंडांची स्मृती कच्ची राहते. मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेला तर प्रतिपिंडं चांगली तयार होतात, पण ती किंमत कुणी मोजू नये.

पहिल्याचं उत्तर: प्रत्येक वेळी लागत नाही. जर्मनीत २०१५मध्ये साध्या मूत्राशयदाहाच्या बायकांना एका गटात फॉस्फोमायसिन हे प्रतिजैविक आणि दुसऱ्यात फक्त आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक दिलं. आयब्युप्रोफेनवाल्या सुमारे दोन तृतीयांश बायका प्रतिजैविकाशिवाय बऱ्या झाल्या. पण त्यांचा त्रास जास्त दिवस चालला आणि मूत्रपिंडाचा संसर्ग त्या गटात जास्त जणींना झाला. हाताशी दवाखाना असेल, दोन दिवसांनी पुन्हा दाखवता येत असेल तर असं थांबणं समजू शकतो. फडात ती सोय नाही. शिवाय उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन आयब्युप्रोफेन घेणं म्हणजे मूत्रपिंडाला वेगळी इजा. तिथे मी ते सुचवणार नाही, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बरी.

थांबायचं नाही ते कधी, हे आशांना तोंडपाठ हवं: ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, थंडी वाजणं, बरगडीखाली पाठीला किंवा कुशीत ठणका, उलट्या. यातलं एकही जळजळीबरोबर असेल तर जंतू वर गेलाय असं धरायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर. गरोदर बाई, मधुमेही, मुतखडा माहीत असलेली, लघवीची नळी असलेला रुग्ण, लहान मूल आणि पुरुष यांच्यात तापाची वाटही पाहायची नाही.

सिंदफणा

उन्हाळी लागणं आणि हे, यात फरक कसा करायचा? मार्चनंतर निम्म्या गावाला उन्हाळी लागलेली असते, सगळ्यांचे नमुने कुठे पाठवायचे?

गोदाकाठ

उन्हाळीत लघवी घट्ट, गडद पिवळी, थोडी आणि जाताना आग. पण 'आत्ताच गेले, पुन्हा जावं वाटतंय' ही घाई फारशी नसते. दर अर्ध्या तासाला ग्लासभर पाणी, ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी असं तीन-चार तास दिलं की रंग फिकट होतो आणि आग जाते. रंग फिकट झाला तरी आग आणि घाई तशीच असेल तर तो संसर्ग समजा.

दुसरा प्रश्न विचारायचा तो पांढऱ्या पाण्याचा आणि खाजेचा. आग आहे, वारंवार जावं लागतंय आणि अंगावरून पांढरं किंवा खाज नाही, अशा बाईला संसर्ग असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर जाते. पांढरं आणि खाज असेल तर आधी योनीदाह बघावा लागतो, त्याचं औषध वेगळं. हा प्रश्न संकोचामुळे राहून जातो आणि लघवीच्या गोळ्या चालू राहतात.

सिंदफणा

आणि लघवीत तपासणीची पट्टी बुडवून बघितली तर?

पेट्रीडिश

उपकेंद्रातली दोन खान्यांची पट्टी प्रथिनं आणि साखर दाखवते, संसर्ग नाही. दहा खान्यांच्या पट्टीत नायट्राइट आणि ल्युकोसाइट एस्टरेज हे दोन खाने बघायचे. एस्टरेज म्हणजे न्यूट्रोफिलची खूण. नायट्राइट जंतूंनी नायट्रेटपासून बनवलेलं असतं आणि त्याला लघवी पिशवीत किमान चार तास राहावी लागते, म्हणून सकाळची पहिली. दर अर्ध्या तासाला जाणाऱ्या बाईत नायट्राइट नाही आलं तर त्याला अर्थ नाही. एन्टेरोकॉकस हा जंतू तर नायट्राइट बनवतच नाही. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या चालू असल्या तरी पट्टी खोटं 'नाही' म्हणते.
वाचायची वेळ डबीवर लिहिलेली असते, साधारण नायट्राइट एका मिनिटाला, एस्टरेज दोन मिनिटांनी. पाच मिनिटांनी वाचलेला रंग धरू नका. डबीचं झाकण उघडं राहिलं तर दमट हवेने नायट्राइटचा खाना आपोआप गुलाबी होतो.

आता कल्चरच्या, म्हणजे थाळीवर जंतू वाढवून बघायच्या नमुन्याबद्दल, कारण प्रयोगशाळेत खराब होऊन येतं ते इथेच. बाटली प्रयोगशाळेची, निर्जंतुक. औषधाची रिकामी बाटली उकळून आणू नका. हात धुवायचे, पुढचा भाग साध्या पाण्याने धुवायचा, जंतुनाशक नको. एका हाताने ओठ बाजूला धरून पहिली धार सोडून द्यायची, मधली बाटलीत २०-३० मिली, शेवटची पुन्हा सोडायची. झाकणाची आतली बाजू आणि बाटलीची कड बोटाला लागू द्यायची नाही. गोळी घ्यायच्या आधी. एक गोळी पोटात गेली की थाळीवर बऱ्याचदा काही उगवत नाही आणि रिपोर्ट 'जंतू नाही' असा येतो.

नमुना दोन तासांत थाळीवर गेला पाहिजे. गावातून अंबाजोगाई किंवा लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत ते होत नसेल तर ४ अंशांच्या आसपास थंड ठेवून २४ तासांपर्यंत चालतं. गोठवायचा नाही. आणि लसींच्या कॅरिअरमध्ये लसींशेजारी लघवीची बाटली ठेवायची नाही, त्यासाठी वेगळा थर्मास आणि बर्फाची पिशवी. बोरिक ॲसिडची बाटली मिळाली तर बाहेरही टिकतो, मात्र खुणेपर्यंत भरायची. अर्धीच भरली तर बोरिक ॲसिडचं प्रमाण वाढून तेच जंतूंना मारतं.

आम्ही त्यातला मिलीलिटरचा हजारावा भाग एका ठरीव कडीने थाळीवर पसरतो. उगवलेला एक ठिपका म्हणजे मिलीलिटरला १००० जंतू. शंभर ठिपके म्हणजे १ लाख, ही जुनी १९५६पासूनची रेषा. लक्षणं असलेल्या बाईत याहून कितीतरी कमी आकडाही खरा असू शकतो, म्हणून चिठ्ठीवर 'जळजळ आहे' एवढं तरी लिहा. तीन वेगवेगळे जंतू उगवले तर तो नमुना बाहेरून दूषित झालेला, पुन्हा मागवावा लागतो. वाढीला एक दिवस, कोणतं औषध चालेल हे बघायला दुसरा.

खलबत्ता

औषधांच्या काउंटरमागून लिहितो.

नॉरफ्लॉक्सासिनची सवय या भागातून काढायलाच हवी. त्या गटाला, सिप्रोफ्लॉक्सासिनसकट, आपल्याकडचे बहुतेक ई. कोलाय दाद देत नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) वार्षिक अहवालांत हेच दिसत आलंय. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१६मध्ये साध्या लघवीच्या संसर्गात दुसरा पर्याय असताना हा गट वापरू नका असं सांगितलं, तेही स्नायुबंध आणि नसांच्या दुष्परिणामांमुळे. नॉरफ्लॉक्सासिन चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या 'एच' यादीत आहे, सेफिक्झिम हे प्रतिजैविक २०१४पासून त्याहून कडक 'एच१'मध्ये. चिठ्ठीशिवाय दोन्ही द्यायची नाहीत, आणि 'एच१'ची नोंदवही तीन वर्षं जपावी लागते. दुकानदाराला हे माहीत असतं.

मूत्राशयापुरत्या संसर्गात डॉक्टर बहुधा दोनपैकी एक लिहितात. नायट्रोफ्युरँटोइन १०० मिग्रॅ, सावकाश सुटणारी, दिवसातून दोनदा, पाच दिवस. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, भाकरीबरोबर घ्यायची. लघवी तपकिरी होते, ते रक्त नाही. ही लघवीतच साठते, रक्तात पुरेशी चढत नाही, म्हणून ताप असलेल्या मूत्रपिंडाच्या संसर्गात निरुपयोगी. मूत्रपिंडं कमजोर असतील, जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असेल किंवा गरोदरपणाचे शेवटचे आठवडे असतील तर द्यायची नाही.
दुसरं फॉस्फोमायसिन, ३ ग्रॅमची एकच पुडी. रात्री जेवणानंतर दोन-तीन तासांनी लघवी करून यायची, अर्धा ग्लास गार पाण्यात विरघळवून लगेच प्यायची आणि झोपायचं. औषध रात्रभर पिशवीत राहतं. गरम पाणी नको. टोळीबरोबर निघणाऱ्या बाईला एका पुडीत संपणारं औषध सोयीचं, उरवायला काही उरतच नाही.

आता सगळ्यांचं लाडकं लाल-गुलाबी सिरप, डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट. ते लघवीचं आम्ल कमी करतं, आग कमी वाटते, जंतूला काही होत नाही. आणि नायट्रोफ्युरँटोइन आम्लधर्मी लघवीत जास्त चांगलं काम करतं. दोन्ही एकाच चिठ्ठीत दिसली की मी डॉक्टरांना फोन करतो. लघवी नारिंगी करणारी फेनाझोपायरिडिन ही फक्त वेदना मारते, दोन दिवसांच्या वर नको, आणि तिच्या रंगामुळे पट्टीची तपासणीही बिघडते.

हुरडा

सराट्याचा काढा, धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा? आजी लोक हसतील आपल्याला.

खलबत्ता

हसू द्या, पण त्यातलं पाणीच निम्मं काम करतं. धने-जिऱ्याचं पाणी दोन लिटर पोटात गेलं तर दोन लिटर गेलंच की! उन्हाळी लागलेल्याला बिनधास्त द्या. संसर्ग, त्यातही ताप असताना काढ्यावर दिवस काढू नका. क्रॅनबेरीच्या गोळ्यांनी वारंवार होणारा त्रास काही जणींत कमी होतो, पण झालेला संसर्ग बरा होत नाही आणि त्यांची किंमत फडातल्या मजुरीला परवडणारी नाही. डी-मॅनोजची कल्पना सुंदर, वर पेट्रीडिशनी सांगितलेल्या फिम-एचलाच गुंतवायचं. २०२४च्या मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही.

बालाघाट

पाण्यावर या. 'पाणी प्या' म्हटलं की बाई विचारते, प्यायल्यावर जाऊ कुठे? पहाटे चारला फडात, मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहून गाडी भरणं, कधी रात्री पुन्हा भरणी. आजूबाजूला पुरुष. म्हणून ती मुद्दाम पीत नाही. हे अज्ञान नाही, हिशोब आहे.

गोदाकाठ

हिशोब बरोबर आहे, म्हणून उत्तरही हिशोबातच द्या. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आहे: दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांना रोज आणखी दीड लिटर प्यायला लावलं. वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, न वाढवणाऱ्यांना ३.२ वेळा. जवळपास निम्मा. एवढा फरक दीड लिटर साध्या पाण्याने.

थंडीत दिवसाला अडीच-तीन लिटर, मार्चनंतर चार लिटरच्या आसपास. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून.

सिंदफणा

फडात जमतं ते असं. कोपीवरून निघताना दोन तांबे पिऊन, अंधारातच दोनदा जाऊन यायचं, उठल्यावर एकदा आणि निघताना एकदा. कामावर एकदम नाही, पाचटाला टेकवलेल्या बाटलीतून तासाला कपभर. सकाळच्या भाकरीच्या वेळी सगळ्या बायकांनी मिळून एका बाजूला जायचं, दोघींनी लुगडं धरायचं. दुपारी गाडी भरून झाली की पुन्हा. दोन वेळांत चार तासांच्या वर अंतर नको. उरलेलं पाणी संध्याकाळी कोपीवर, झोपायच्या तासभर आधीपर्यंत, आणि झोपताना पिशवी रिकामी.
मुकादमाशी बोलताना आजाराचं सांगू नका, खाड्याचं सांगा. आडोशाला चार बांबू आणि ताडपत्री लागते, तापाने पडलेल्या बाईचे आठ दिवस जातात. हे त्याला लगेच कळतं.
घाईत अर्धवट उठायचं नाही. धार थांबल्यावर दहा आकडे मोजून पुन्हा जोर न लावता सोडायची, मागे राहिलेली येते.

पेट्रीडिश

सिंदफणाताईंचं शेवटचं वाक्य पत्रकात घ्या. मागे राहिलेल्या लघवीत जंतूंची पुढची पिढी असते.
'पुढून मागे पुसा'चा पुरावा तसा किरकोळ आहे. तोट्याचं काही नाही, सांगा, पण तेवढ्यावर भर नको. संबंधानंतर पंधरा-वीस मिनिटांत लघवीला जाऊन यायलाही सांगा, कारण तरुण बायकांत जंतू वर ढकलला जाण्याचं संबंध हे मोठं कारण आहे. शुक्राणुनाशक मलम वापरत असतील तर ते बदला, त्याने लॅक्टोबॅसिलाय मरतात.

मन्याड

ज्या मुद्द्याला अजून कुणी हात घातला नाही तो गर्भाशयाची पिशवी काढलेल्या बायकांचा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर राज्य सरकारने २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, ते सगळ्यांना माहीत आहे. लघवीच्या संसर्गाशी त्याचा थेट धागा आहे.

फक्त गर्भाशय काढलं आणि बीजकोष ठेवले तर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक लगेच थांबत नाही. बीजकोषही काढले तर तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते. इस्ट्रोजेन गेलं की योनीच्या पेशींतलं ग्लायकोजेन घटतं, लॅक्टोबॅसिलायचं खाद्य संपतं, पीएच ५च्या वर जातो आणि आतड्यातले जंतू तिथे ठाण मांडतात. या बायका वर्षात चार-पाच वेळा जळजळ घेऊन येतात आणि दर वेळी नवीन प्रतिजैविक घेऊन जातात.

त्यांच्यासाठी उपाय योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम. १९९३च्या एका चाचणीत रजोनिवृत्त बायकांना इस्ट्रिऑल (एक प्रकारचं इस्ट्रोजेन) ०.५ मिग्रॅ रोज रात्री दोन आठवडे, मग आठवड्यातून दोनदा असं आठ महिने दिलं. इस्ट्रिऑलवाल्यांत वर्षाला सरासरी ०.५ संसर्ग, औषध नसलेलं नुसतं क्रीम लावणाऱ्यांत ५.९. अंगात फारसं मुरत नाही. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. शस्त्रक्रियेच्या कागदावर बीजकोष काढले की ठेवले, हे आशांनी बघून नोंदवलं तर अर्धं निदान तिथेच होतं.

गरोदर बायकांत आणखी वेगळं. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढलेलं गर्भाशय दाबतं, बहुधा उजवीकडची जास्त. लघवीत जंतू आहेत पण त्रास काहीच नाही, अशांना सोडून दिलं तर जवळपास चौथ्या हिश्श्याला पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो, आणि त्यात अवेळी प्रसूतीचं भय. म्हणून १२ ते १६ आठवड्यांत एकदा कल्चर करायचंच, लक्षणं असोत नसोत, आणि उपचारानंतर पुन्हा. दर महिन्याच्या ९ तारखेची गरोदर बायकांची सरकारी तपासणी टोळी निघण्याआधी गाठा.

गोदाकाठ

मन्याडनी गरोदरपणाचं सांगितलं त्याच्या उलटं वयस्करांत. म्हातारी बाई, मधुमेही, नळी असलेले आजोबा यांच्या लघवीत लक्षणांशिवाय जंतू सापडले तर उपचार करायचे नाहीत. लघवी गढूळ आहे, वास येतो, एवढ्यावर प्रतिजैविक नको.

मधुमेह्यांत साखर आटोक्यात नसेल तर न्यूट्रोफिल मंद होतात आणि पिशवीच्या नसा बधिर होऊन लघवी मागे उरते. डापाग्लिफ्लोझिनच्या गोळ्या आता स्वस्त झाल्यात, त्या साखर लघवीवाटे काढतात. त्यांच्यामुळे होते ती बहुधा बुरशीची खाज, ती जळजळ समजून प्रतिजैविक दिलं तर बुरशी आणखी वाढते. मधुमेही माणूस ताप, कुशीत दुखणं आणि उलट्या घेऊन आला तर थेट मोठ्या रुग्णालयात. मूत्रपिंडात वायू धरणारा संसर्ग होतो तो बहुधा यांनाच.

नळीबद्दल एवढंच: तिला जोडलेली लघवी साठायची पिशवी कायम कमरेच्या खाली, जमिनीला न टेकता. गाडीत बसवताना मांडीवर ठेवली की लघवी उलटी जाते. जोड उघडायचा नाही. कल्चर हवं असेल तर जुनी नळी बदलून नव्या नळीतून घ्यायचं, कारण जुन्या नळीच्या आतल्या थरात वेगळेच जंतू असतात.

हुरडा

आणि बोअरच्या क्षाराने मुतखडा, मुतखड्याने संसर्ग, ही आमच्याकडची कायमची कथा?

पेट्रीडिश

पाण्याच्या क्षारापेक्षा कमी लघवी हे मोठं कारण. संसर्ग आणि खडा यांचं नातं मात्र दुहेरी. प्रोटिअस हा जंतू युरियाचा अमोनिया करतो, लघवीचा पीएच ७.५च्या वर जातो आणि मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचा खडा झपाट्याने वाढतो. खड्याच्या आत जंतू बसलेले असतात, गोळ्यांनी ते जात नाहीत, खडा पूर्ण काढावा लागतो. रिपोर्टात प्रोटिअस आणि पीएच ८ दिसलं की सोनोग्राफी सांगा.

बालाघाट

बराच मजकूर झाला, तासात बसवते. शेवटचं: बाई कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात असताना त्रास झाला तर तिथल्या डॉक्टरला काय दाखवायचं?

खलबत्ता

कल्चरचा रिपोर्ट, शेवटचं प्रतिजैविक कोणतं आणि कधी घेतलं त्या पट्टीचा फोटो, आणि गरोदर असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड. गेल्या तीन महिन्यांत घेतलेलं औषध पुन्हा चालण्याची शक्यता कमी, म्हणून पट्टीचा फोटो रिपोर्टाइतकाच महत्त्वाचा. कोणत्या औषधाने अंगावर गांधी आल्या तेही लिहून ठेवा.

पेट्रीडिश

रिपोर्टचा फोटो घेताना वरचं टोक कापलं जातं, तिथेच नाव, तारीख आणि जंतू असतो. खालच्या तक्त्यात 'एस' लिहिलेली औषधं चालणारी, 'आर' न चालणारी. दोन पानं असतील तर दुसरंही घ्या. नायट्रोफ्युरँटोइन आणि फॉस्फोमायसिन बऱ्याचदा दुसऱ्या पानावर जातात.